बाकं फिरवली त्या रविवारी

सकाळची उपासना आटोपून लोक पांगले, तसा करुणाने पदर खोचला आणि पहिल्या बाकाला हात घातला. दुसरं टोक तिच्या मुलीने, ऋतुजाने धरलं. बाक जड होतं. पंचेचाळीस वर्षांत ते जागचं हललं नव्हतं, त्यामुळे फरशीवर त्याच्या पायांचे चार पांढरे चौकोन उमटले होते.

"करुणा."

मागे तिचे बाबा उभे होते. शांतवन साळवे, वय एक्याऐंशी, चर्चच्या मंडळीचे सगळ्यांत जुने पंच. या प्रार्थनामंदिराचे पत्रे त्यांनी स्वतः शिडीवर चढून ठोकले होते.

"बाकं वेदीकडे तोंड करून असतात," ते म्हणाले. "देवाकडे पाठ करून कोण बसतं?"

"कुणाचीच पाठ नाही होणार, बाबा. गोल मांडतोय. सगळ्यांची तोंडं एकमेकांकडे."

"तेच म्हणतोय. आपण इथे एकमेकांची तोंडं बघायला येत नाही."

ऋतुजाला हसू आलं. तिने ते खाली मान घालून दडवलं. करुणाला मात्र हसू येत नव्हतं. तीन वाजता बैठकीला माणसं येणार होती, आणि त्यांत तिचा थोरला दीर पुंडलिक होता.

नऊ दिवसांपूर्वी, शुक्रवारी संध्याकाळी, रोह्याला लागून असलेल्या वरश्याच्या मैदानापाशी भांडण झालं होतं. त्यात मिथुनचं मनगट मोडलं. मिथुन म्हणजे पुंडलिक भावजींचा मुलगा. धाटावच्या एका कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागल्यापासून, गेली दोन वर्षं, तो करुणाच्याच घरी राहत होता. त्याला इथे ठेवायचं नूतनने, त्याच्या आईने ठरवलं होतं. पुंडलिकने विरोध केला नव्हता, एवढंच; स्वतः तो या घरात कधी आला नव्हता. करुणा रोज पहाटे त्याचा डबा भरायची. आणि त्याचं मनगट ज्याच्यामुळे मोडलं तो जुनास केरकेट्टा याच मंडळीतला होता. झारखंडचा, कंत्राटावर काम करणारा, दर रविवारी बायकोसोबत शेवटच्या बाकावर बसणारा.

चाळीस सेकंदांचा व्हिडिओ होता. जुनास मिथुनला ढकलतो, मिथुन गटाराच्या दगडावर पडतो. खाली लिहिलेलं: बाहेरचे येऊन आपल्या पोरांना मारतायत. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो रोह्यापासून कोलाडपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर होता. घरमालकांनी खोल्या रिकाम्या करून घेतल्या. झारखंडची तीन कुटुंबं गाठोडी घेऊन चर्चच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. पाळकांनी मागचा हॉल उघडला आणि करुणाने डाळभाताचं पातेलं नेलं.

त्याच दिवशी पुंडलिकचा फोन आला होता. "माज्या पोराचा हात ज्यानं मोडला, त्याला तू वाढतेस?"

"भावजी, त्यांची लेकरं सकाळपासून उपाशी होती," ती म्हणाली होती. पुढे काही बोलायच्या आत फोन बंद झाला होता. मिथुनला त्याच दिवशी नूतनने येऊन गावी नेलं. उद्या, सोमवारी, पोलिसांत रीतसर तक्रार करणार, असा निरोप तिच्या नवऱ्याच्या, प्रविणच्या हाती आला. तक्रार झाली तर जुनासचं काम जाणारच होतं, आणि बाकीच्या दोन घरांचंही.

"बाबा, तुम्हाला राग आलाय तो बाकांचा नाही," करुणा म्हणाली.

शांतवन खुर्ची ओढून बसले. "पन्नास वर्षं या गावात काढली आपण. कुणाच्या डोळ्यांवर यायचं नाही, एवढं एक सांभाळलं. आता लोक म्हणतात, बाहेरच्यांना आसरा देणारं चर्च. उद्या हे जातील परत त्यांच्या मुलखात. आपल्याला इथेच राहायचंय."

"नगरहून आलात तेव्हा तुम्हाला कुणी दिली होती खोली?"

"कुणी नाही. तीन महिने कारखान्याच्या शेडमध्ये झोपलो. म्हणून तर सांगतोय, मला माहीत आहे लोक कसे असतात."

तिने दुसऱ्या बाकाला हात घातला. थोड्या वेळाने शांतवन उठले आणि पुढच्या बाकांवरची गीतांची पुस्तकं एकेक गोळा करायला लागले, म्हणजे बाक उचलताना ती खाली पडू नयेत.

*

धरमतरच्या खाडीकाठच्या खारशेतहून रोह्याला यायला दीड तास लागतो. पुंडलिक घरत त्या दीड तासात दोनदा बोलला. एकदा वडखळला नूतनला पाणी हवं का विचारायला, आणि एकदा नागोठण्याच्या पुढे.

"आये, तू गाडीतच बस," तो म्हणाला. "तुज्या गुडघ्यांना तरास होयाचा."

हौसा पुढच्या सीटवर बसली होती. पंचाहत्तरीची, हाडाने बारीक, आयुष्यभर मिठागरात उभी राहून पायांची कातडी पांढरी पडलेली. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मागं एकदा बसले ना गाडीत. फाटकाच्या भायेर."

प्रविणचं लग्न याच चर्चमध्ये लागलं होतं, बावीस वर्षांपूर्वी. आईने आत पाऊल टाकलं तर मी घर सोडून जाईन, असं पुंडलिक तेव्हा बोलून गेला होता. म्हणून हौसा नवं लुगडं नेसून फाटकाबाहेर रिक्षात बसली होती आणि आतून गाणी ऐकू येत होती. वऱ्हाड बाहेर येईपर्यंत ती तिथेच होती. या गोष्टीवरून तिने त्याला कधी एक शब्द विचारला नव्हता. आजही विचारत नव्हती.

चारच दिवसांपूर्वी प्रविण खारशेतला येऊन बसला होता. दादा, तक्रारीच्या आधी एकदा समोरासमोर बसू, पाळकसाहेब बोलावतायत, असं म्हणाला. पुंडलिकने सरळ नाही सांगितलं. तेव्हा चुलीपाशी बसलेली हौसा म्हणाली, "मी येतंय." मग पुंडलिकला गाडी काढावीच लागली.

मागच्या सीटवर मिथुन प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन बसला होता. सबंध आठवडाभर तो धड जेवला नव्हता. हात दुखत असेल, असं नूतनला वाटत होतं.

फाटकाशी करुणा आणि प्रविण उभे होते. हौसा उतरली, दाराशी आली आणि थांबली.

"चपला कुठं काढू गो?"

"इथे काढत नाहीत, आई. तशाच या आत."

"मी काढतंय," हौसा म्हणाली. तिने चपला दाराच्या कडेला जोडून ठेवल्या आणि आत गेली. समोरच्या भिंतीवर लाकडाचा क्रूस होता, दुसरं काही नव्हतं. देव नेमका कुठे बसतो हे तिला कळलं नाही. तिने क्रूसाकडे बघून हात जोडले.

पुंडलिक उंबऱ्याशी घोटाळला. मग वाकून त्यानेही बूट काढले. त्याच्यामागून येणाऱ्या वरश्याच्या सहा-सात पोरांनी ते पाहिलं आणि आपापल्या चपला सोडल्या. त्यांत धनेश होता, मिथुनचा मित्र. व्हिडिओ त्याच्याच मोबाइलवर काढलेला होता. शेवटी आतल्या लोकांनीही उठून आपल्या चपला बाहेर नेऊन ठेवल्या, कारण पाहुण्यांनी काढल्यावर आपण तसंच बसणं बरं दिसेना.

*

पाळक पाटोळे बारीक आवाजाचे होते. त्यांनी लहानशी प्रार्थना केली आणि म्हणाले, "नियम एकच आहे, आणि तो माझा नाही. करुणाबाई चौथीच्या वर्गात तो वापरतात. दोन मुलं भांडली की एकाने दुसऱ्याची तक्रार आधी आपल्या तोंडाने सांगायची. 'मी' म्हणून सांगायची, जणू ती आपलीच आहे. दुसरा म्हणाला, हो, मला हेच म्हणायचं होतं, की मगच पहिल्याने आपलं बोलायचं. तोवर नाही."

"आमी काय चौथीतले काय?" धनेश म्हणाला.

"मी बावन्न वर्षांचा आहे," पाटोळे म्हणाले. "मलाही जमत नाही अजून. बघू या."

हौसा खिडकीजवळच्या बाकावर बसली होती. तिच्या बरोब्बर समोर झारखंडची माणसं होती, अंग चोरून बसलेली. जुनास तिशीचा, रुंद खांद्यांचा. त्याच्या शेजारी त्याची बायको सुसन्ना, वेणी घट्ट बांधलेली, नजर फरशीवर.

धनेश पहिला बोलला. हे लोक कमी पगारात राबतात, त्यामुळे कंत्राटदार आमच्याकडे बघतसुद्धा नाही. आयटीआय करून मी दीड वर्ष घरी आहे. घरी बाप रोज विचारतो, आज कुठे गेलतास. हे तो तावातावाने बोलला, पण शेवटचं वाक्य बोलताना त्याचा आवाज खाली आला.

ते पुन्हा सांगायची पाळी जुनासची होती. चार वर्षांत तो कामापुरतं मराठी शिकला होता. "मी धनेश," तो सावकाश म्हणाला. "मी आयटीआय केला. मला काम भेटत नाय, कारण ते लोक कमीमधी काम करते. घरी बाबा रोज विचारते, कुठं गेला होता." तो थांबला. "मग मला घरी जायला बरं नाय वाटत."

"शेवटचं मी बोललो नव्हतो," धनेश म्हणाला.

"माफ करा. काढतो."

"राहू दे." धनेशने खांदे उडवले. "हेच."

मग पुंडलिक उभा राहिला. त्याला बसून बोलायची सवय नव्हती. "माजा बाप मिठागरावर मेला," तो म्हणाला. "मी पन त्याच चिखलात उभा राहिलो. मग खाडीत मालाचे बार्ज वाढले, बांध फुटले, मिठागर गेलं. आता जेट्टीवर दुसऱ्याचा कोलसा उतरवून घेतंय. एकच ठरवलेलं, पोरगा परमनंट व्हायला पायजे. दोन महिन्यांत अप्रेंटिस संपतंय. आनी आता हात मोडला. ज्या हातानं मशीन चालवायची तो हात."

जुनास उठला. पुंडलिक उभा असताना बसून बोलणं त्यालाही जमलं नसावं. "मी पुंडलिक. माझा बाबा मिठागरमधी काम केला. मीठ मेला..."

"मीठ नाय. बाप मेला."

"माफ करा. बाबा मेला. मीठ..."

"मीठ पन मेलं," पुंडलिक म्हणाला आणि एकदम थांबला. मग हात हलवत म्हणाला, "राहू दे. बरोबर हाय. पुढं बोल."

जुनासने पुढचं सगळं सांगितलं. जेट्टी, कोळसा, पोरगा, दोन महिने, हात. हौसा त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. आपल्या नवऱ्याचं मरण एका परक्या माणसाच्या तोंडून, त्याच्या मोडक्या बोलीत, तिने ऐकलं. पुंडलिक या विषयावर घरात कधी बोलत नसे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते कशामुळे हे तिला सांगता आलं नसतं.

"हेच," पुंडलिक म्हणाला आणि खाली बसला.

आता जुनासची पाळी होती. त्याने थोडक्यात सांगितलं. मी बायकोला घेऊन बाजारातून येत होतो. मैदानाच्या कोपऱ्यावर पोरं बसली होती. त्यांतला एक बायकोला काहीतरी बोलला. मी म्हणालो, असं नको. तो हसला. मग मी ढकललं. ढकलायला नको होतं. तो दगडावर पडला.

"काय बोलला तो?" प्रविणने विचारलं.

जुनासने बायकोकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही. "जाऊ द्या," तो म्हणाला. "काहीतरी बोलला."

पाळकांनी मिथुनकडे पाहिलं. "मिथुन, हे तुला सांगायचंय. 'मी' म्हणून."

*

मिथुन उभा राहिला तेव्हा पुंडलिकला तो फार लहान वाटला.

"मी जुनास," मिथुन म्हणाला. "मी बायकोला घेऊन बाजारातनं येत होतो. कोपऱ्यावर पोरं बसलेली. त्यांतला एकजण माज्या बायकोकडं बघून..."

तो अडला. प्लास्टरच्या कडेवर त्याचं बोट फिरत होतं.

"बोलला नाय," तो म्हणाला. "आवाज काढला. माकडाचा. आनी काखेत खाजवून दाखवलं. सगळी पोरं हसली. मी म्हनालो, भाऊ, असं नको करू, माजी बायको हाय. हात जोडून म्हनालो. तर त्यानं परत तसंच केलं."

पोरांनी माना खाली घातल्या.

"हे त्यांनी सांगितलं नव्हतं," पाळक हळू म्हणाले.

"व्हय. मना ठाव हाय म्हनून सांगतंय." मिथुनने आता जुनासकडे पाहिलं. "तो मीच होतो. आनी मी पडल्यावर यानंच हात दिला मना उठवायला. व्हिडिओतलं पुढचं नि मागचं मी कापलं. धनेशनं नाय, मी कापलं."

धनेश उठला. "तू येडा झालास काय?" तो म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता चालू लागला. त्याच्यामागून दोघं गेले. बाहेर चपला शोधण्याचा आवाज झाला. बाकीची पोरं बसून राहिली.

पुंडलिक कधी उठला हे त्याचं त्यालाही कळलं नाही. तो मिथुनच्या समोर उभा होता, हात वर गेलेला. नूतन मध्ये आली नाही. पाळक पाटोळे मात्र बोलले, तितक्याच बारीक आवाजात.

"पुंडलिकराव, आधी त्याचं म्हणणं. मग तुमचं."

पुंडलिक तसाच उभा राहिला. त्याच्या डोक्यात नऊ दिवसांचे शब्द होते, तक्रारीत लिहायचे, फोनवर सुनावलेले, आणि त्यांतला एकही आता कामाचा नव्हता. हात खाली आला. पोराचं म्हणणं सांगायचं होतं. ते कुणाला सांगायचं, हेही त्याला कळलं. तो वळला आणि गोलाच्या मधून चालत सुसन्नासमोर गेला.

"तुमच्याकडं बघून माज्या पोरानं..." त्याला शब्द उच्चारवेना. मग त्याने तो उच्चारला. "माकडाचा आवाज काढला. दोन येळा. तुमच्या नवऱ्यानं हात जोडले, तरी. मग ढकललं." तो थांबला. "मी असतो तर मी पन ढकललं असतं. हे त्याचं नाय, हे माजं. दुसरं माजं काय म्हननं नाय. तक्रार बिक्रार काय होनार नाय."

मागे मिथुन रडत होता. हौसाने त्याला हाताला धरून आपल्याजवळ बसवलं. ती काही समजावत नव्हती, नुसती त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती.

*

करुणाला वाटलं, झालं. चहाचं बघावं म्हणून ती उठणार, तेवढ्यात सुसन्नाने हात वर केला. शाळेत वर करतात तसा.

"मला पण बोलायचं," ती म्हणाली. तिचा आवाज या मंदिरात कुणी कधी ऐकलाच नव्हता, हे करुणाच्या त्या क्षणी लक्षात आलं. "त्या मुलाला नाय. तो बोलला, त्याचं झालं. मला चर्चला बोलायचं."

शांतवन काठीवर हनुवटी टेकून बसले होते. त्यांनी मान वर केली.

"चार वर्षं आम्ही येतो," सुसन्ना म्हणाली. "मागे बसतो. उपासना संपली की तुम्ही सगळे सलाम करता, हात मिळवता. आमच्यापर्यंत येईपर्यंत तुमचं संपून जातं. मागच्या वर्षी माझं बाळ गेलं पोटात. तीन रविवार मी आली नाय. कुणी विचारलं नाय. आता आठ दिवस तुम्ही जेवण देता, फार चांगलं जेवण. पण मला 'अगं' बोलता. नाव माहीत नाय तुम्हाला."

हे शेवटचं ती करुणाकडे बघून बोलली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

"मंडळीतर्फे कोण सांगेल?" पाळकांनी विचारलं. त्यांचाही चेहरा उतरला होता.

आठ दिवस करुणा स्वतःवर खूश होती. बाबांशी भांडून, दिराची बोलणी खाऊन आपण हे करतोय, याचा तिला थोडा अभिमानही होता. रोज सकाळी ती पातेलं ठेवायची आणि म्हणायची, अगं, भात आहे बघ, लेकरांना वाढ. नाव तिला आज कळलं होतं, पाळकांनी बैठकीच्या सुरुवातीला सांगितलं म्हणून.

ती उभी राहिली. वर्गात मुलांना जे ती रोज करायला लावायची, ते इतकं अवघड असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"मी सुसन्ना," ती म्हणाली. "सुसन्ना केरकेट्टा. चार वर्षं मी शेवटच्या बाकावर बसते. लोकांचा सलाम माझ्यापर्यंत पोचत नाही. मागच्या वर्षी माझं बाळ..." तिचा आवाज फुटला. ऋतुजाने आईकडे पाहिलं. आईला असं तिने कधी पाहिलं नव्हतं. "माझं बाळ पोटात गेलं. तीन रविवार मी आले नाही, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. आता एक बाई मला जेवण देते. तिला माझं नाव माहीत नाही."

सुसन्नाने मान हलवली. "हेच."

"आता माझं सांगू?" करुणाने विचारलं.

"सांगा ना."

"माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही गं, सुसन्ना."

त्यावर सुसन्ना जराशी हसली, पहिल्यांदाच. बैठक कशी संपली ते कुणाला नीट सांगता येणार नाही. कुणीतरी उठलं, मग सगळेच उठले. शांतवन काठी टेकत झारखंडच्या बाकापाशी गेले आणि जुनासच्या शेजारी बसले. गावाचं नाव विचारलं. जुनासने सांगितलं ते त्यांना नीट ऐकू आलं नाही. त्यांनी कानाला हात लावून परत विचारलं, मग तिसऱ्यांदा. जिल्हा कुठला, स्टेशन कुठलं, स्टेशनपासून किती लांब. तिथेही पाऊस इथल्यासारखाच पडतो का, हेही विचारून झालं.

मिथुनने एका हाताने मोबाइल काढला आणि ज्या ग्रुपवर आधी कापलेला तुकडा टाकला होता, त्याच ग्रुपवर पूर्ण व्हिडिओ टाकला, खाली स्वतःचं नाव लिहून. करुणा त्याच्याजवळ गेली तेव्हा स्क्रीनवर उत्तरं पडायला लागली होती. विकला गेलास काय, कुणीतरी लिहिलं होतं. त्याखाली आणखी वाईट.

"काकी, मी परत येऊ राहायला?" त्याने वर न बघता विचारलं. "नको म्हनालीस तरी चालेल."

"ये. पण डबा आता तूच भरायचा," ती म्हणाली. "आणि तो फोन ठेव खिशात."

*

जुनासची घरमालकीण विमलबाई हिच्या खोल्या चर्चपासून दोन गल्ल्या पलीकडे होत्या. उन्हं उतरायच्या आत तिच्याकडे जायचं ठरलं. पुंडलिक स्वतःहून निघाला. जुनास आणि सुसन्ना त्याच्यासोबत, आणि थोडं मागे सुसन्नाचं एक गाठोडं घेतलेली करुणा.

विमलबाई पायरीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. माणसं बघून तिने सूप बाजूला सारलं. जुनासकडे तिला धड बघवत नव्हतं.

"मी वाईट नाय हो," ती पुंडलिकलाच म्हणाली. "एकटीचं घर माजं. पोरं येऊन दगड मारतील, अशी भीती वाटली. ही चांगली मानसं, कधी आवाज नाय यांचा."

"मग खोली उघडा."

"उद्या परत काय झालं तर? यांचं हितं कोन हाय? मी कोनाला विचारू?"

"मना विचारा," पुंडलिक म्हणाला. "पुंडलिक घरत, खारशेत. त्या पोराचा बाप मीच."

विमलबाईने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. व्हिडिओतल्या पोराचा बाप यांच्यासाठी खोली मागतोय, हे तिला उलगडेना. "तुमी खाडीवरचे," ती म्हणाली. "ही झारखंडची. तुमचा काय संबंध?"

पुंडलिकने मागे वळून पाहिलं. करुणा फाटकाशी उभी होती, गाठोडं कमरेवर घेऊन.

"ती उभी हाय ना, ती माजी भावजय," तो म्हणाला. "तिच्या मंडळीतली मानसं हायेत ही."

विमलबाईने आणखी काही विचारलं नाही. कमरेची किल्ली काढून तिने ती जुनासच्या नव्हे, सुसन्नाच्या हातात दिली आणि म्हणाली, "नळाला पानी हाय आता. भरून घ्या आधी."

करुणाने गाठोडं आत नेऊन ठेवलं. खोलीत आठ दिवसांची कोंदट हवा होती. सुसन्नाने खिडकी उघडली, कोपऱ्यातला झाडू घेतला. करुणा थोडा वेळ थांबली, मग बाहेर आली. पुंडलिक रस्त्यावर गाडीची किल्ली हातात खेळवत उभा होता.

"भावजी, घरी चला," ती म्हणाली. "चहा ठेवते. आई दमल्या असतील."

तो गल्लीच्या टोकाकडे बघत राहिला. "आयेला जिना चढवेल काय? गुडघे हायेत तिचे."

"जिना नाही. तळमजल्यावरच राहतो आम्ही."

"व्हय काय," पुंडलिक म्हणाला. मग किल्ली मुठीत धरून म्हणाला, "मना ठाव नव्हतं."